छातीतली कळ मानेतून येते का? येते, पण आधी टीएमटीचा कागद पुन्हा वाचा

देवगडकडच्या एका बागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, रक्तदाबाची गोळी चालू. दोन महिन्यांपासून छातीत डाव्या बाजूला, वरच्या अंगाला जड कळ येते. सोबत डाव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला दुखतं आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात. ईसीजी आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. टीएमटी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी, ‘निगेटिव्ह’, पण सहा मिनिटांत पाय भरून आले म्हणून थांबवली, तेव्हा नाडी १२८ होती. पित्ताच्या गोळ्यांनी काडीचा फरक नाही. मानेच्या एमआरआयमध्ये सी ५–सी ६ ला (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये) गादी किंचित फुगलेली आणि सी ६–सी ७ ला डावीकडे सरकून नसेला टेकलेली. “मानेमुळे छाती दुखते हे खरं, की आमची बोळवण केली? ट्रॅक्शन घेऊ का? आंब्याची काढणी महिन्यावर आलीय, झेला धरू की नको?” (ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून मान ओढण्याचा उपचार, झेला म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी.)

बोळवण केलेली नाही. मानेतली नस दबली की छाती दुखते, हे वैद्यकात जुनं आणि मान्य आहे. तुम्ही लिहिलेलं वर्णन त्यात बरंचसं बसतंही. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. हृदय खरोखर निर्दोष ठरलंय का, हा एक. मान दोषी आहे याचा पुरावा काय, हा दुसरा. ‘हृदयाचे रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मानच’ असं म्हणून दोन्ही एका झटक्यात निकालात काढता येत नाहीत. तुमच्या बाबतीत मला दुसऱ्याचं उत्तर बऱ्यापैकी दिसतंय. पहिलं मात्र अर्धवट राहिलंय, म्हणून आधी तेच घेतो.

टीएमटीमध्ये नाडी किती वर गेली याला फार महत्त्व आहे. २२० मधून वय वजा केलं की अंदाजे कमाल नाडी मिळते. तुमची १७४. तिच्या किमान ८५ टक्के, म्हणजे १४८ च्या आसपास नाडी गेली तर हृदयाला पुरेसा ताण पडला असं मानतात. तुम्ही १२८ वर थांबलात. ब्रूस पद्धतीत, म्हणजे दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, सहा मिनिटं म्हणजे जेमतेम दुसरा टप्पा संपला. अशा तपासणीला निगेटिव्ह म्हणण्यापेक्षा अपुरी म्हणणं योग्य. रिपोर्टच्या वरच्या ओळीत ठळक अक्षरांत निगेटिव्ह छापून येतं आणि खाली बारीक अक्षरांत टक्केवारी असते. रुग्ण वरची ओळ वाचून घरी जातो. त्यात पुरेशी पार पडलेली टीएमटीसुद्धा हृदयविकार असलेल्या सगळ्यांना पकडत नाही. तिची पकड सुमारे ६८ टक्क्यांची धरतात, म्हणजे तिघांतला जवळपास एक निसटतो. विश्रांतीत काढलेला ईसीजी आणि एको तर कळ नसताना पुष्कळदा नॉर्मलच येतात.

तुमची रक्तदाबाची गोळी कोणती ते लिहिलेलं नाही. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असेल तर नाडी त्या गोळीनेच दाबून धरली असेल. टीएमटीआधी ती थांबवायची का आणि किती दिवस, हे गोळी देणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. ही औषधं आपल्या मनाने एकदम बंद केली तर नाडी आणि दाब दोन्ही उसळतात. टीएमटी पुन्हा करणं जमत नसेल, पाय साथ देत नसतील, तर सीटी कोरोनरी अँजिओग्राफी हा चांगला पर्याय आहे. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या प्रत्यक्ष दिसतात. त्यासाठी तुम्हाला बहुधा कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागेल. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं लागतं, कारण त्यातला रंगद्रव्याचा डोस मूत्रपिंडातून बाहेर पडतो. वय ४६, रक्तदाब आणि छातीत दुखणं एवढ्यावर हा खर्च वाया नाही. हंगाम तोंडावर आहे म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. उलट हंगाम तोंडावर आहे म्हणूनच ती आधी उरका.

आता मान. मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. सी ७ ही नस सी ६ आणि सी ७ या मणक्यांच्या मधल्या खिडकीतून बाहेर पडते. तुमची गादी नेमकी तिथेच सरकली आहे. या नसा हाताला जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण छातीवरच्या मोठ्या स्नायूच्या नसाही त्याच मुळांतून निघतात, सी ५ पासून टी १ पर्यंत (टी म्हणजे मानेखालच्या, पाठीच्या मणक्यांतून निघणाऱ्या नसा). मीटरपाशी वायर सैल झाली की दिवा लुकलुकतो तो स्वयंपाकघरातला, तसं हे आहे. गंमत अशी की छातीच्या त्या भागातल्या कातडीच्या नसा वेगळ्या आहेत. गळपट्टीच्या हाडापर्यंत सी ४ आणि तिथून खाली टी २. त्यामुळे सी ७ दबली तरी छातीची कातडी बधिर होत नाही. दुखतं आत, खोल, जड, दाबल्यासारखं, आणि मुंग्या मात्र बोटात. म्हणून हे दुखणं हृदयासारखं भासतं. भरीला काही रुग्णांना घाम, मळमळ, जीव घाबरा होणं हेही होतं. तेव्हा ‘घाम नव्हता म्हणून मान’ आणि ‘घाम होता म्हणून हृदय’ हे दोन्ही नियम फसवे.

कोणती नस दबली याची खूण बोटांवरून मिळते. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट म्हणजे बहुधा सी ६. मधलं बोट म्हणजे सी ७. करंगळी आणि शेजारचं बोट म्हणजे सी ८. सी ७ दबली की दंडाच्या मागचा स्नायू कमजोर होतो. तो दुखत नाही, म्हणून महिनोन् महिने लक्षात येत नाही. भिंतीसमोर उभं राहून एकेका हाताने, कोपर वाकवून, भिंतीला ढकलून पाहा. डावा हात लवकर हार मानत असेल तर तपासणीच्या वेळी सांगा. पात्याच्या आतल्या कडेचं दुखणं हीसुद्धा मानेची जुनी ओळखीची खूण आहे. पुष्कळदा हात दुखायच्या आधी काही दिवस तिथेच ठणका सुरू होतो आणि घरचे ‘उसण भरली’ म्हणून शेक देत राहतात.

एमआरआयबद्दल एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. मानेच्या एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसणं हा आजाराचा पुरावा होऊ शकत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचे एमआरआय पाहिले, तर ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. रस्त्यावरून चाललेल्या कोणालाही आत घेऊन मशीनमध्ये झोपवलं तरी काहीतरी सापडेलच. सापडलेलं तुमच्या तक्रारीशी जुळतं का हे बघायचं असतं. बाजू तीच हवी, नस तीच हवी, हाताने केलेल्या तपासणीत तीच नस बोलायला हवी. तुमच्यात डावी बाजू, सी ६–सी ७ आणि मधलं बोट हे तिन्ही जुळतात, म्हणून मी वर ‘बऱ्यापैकी’ म्हटलं. सी ५–सी ६ च्या किंचित फुगवट्याकडे तूर्त दुर्लक्ष करा.

हाताने केलेली तपासणी म्हणजे काय? डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट तुमची मान मागे करून दुखऱ्या बाजूला कलवतील आणि डोक्यावरून हलका दाब देतील. त्याने छातीतली तीच ओळखीची कळ उठली तर तो भक्कम पुरावा. नुसती मान दुखली तर त्याला फारसा अर्थ नाही, ती कोणाचीही दुखेल. मग उताणं झोपवून डोकं दोन्ही हातांनी सावकाश ओढून पाहतात. त्याने कळ उतरली तर दुसरी खूण. हात विशिष्ट पद्धतीने ताणून नस ताणली जाते का, ही तिसरी. मान दुखऱ्या बाजूला ६० अंशांपेक्षा कमी वळते का, ही चौथी. चारही जुळल्या की नस दबल्याबद्दल फारशी शंका उरत नाही. यातली दाब देण्याची चाचणी घरी बायकोकडून किंवा मुलाकडून करून घेऊ नका. घरी करण्याजोगी एकच आहे: कळ चालू असताना डावा तळहात डोक्यावर ठेवून दोन मिनिटं बसा. नसेवरचा ताण सैल होतो आणि नसेमुळे येणारी कळ बहुधा उतरते. मात्र उतरली नाही तर मान निर्दोष, असं समजू नका.

दाबून दुखणं ही मात्र कच्ची खूण. छातीचा स्नायू दाबल्यावर दुखला की रुग्णाला हायसं वाटतं, पण हृदयविकाराच्या झटक्यात असलेल्या काही रुग्णांचीही छाती दाबून दुखते. जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी हृदयाची गोळी) ठेवल्यावर बरं वाटलं यावरूनही हृदय ठरत नाही. त्याने अन्ननलिकेचे पेटकेही सुटतात.

रोजच्या कामातून मिळणारा पुरावा मला यापेक्षा मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे तो नेमका गढूळ होतो. डोक्यावर गवताचा भारा घेऊन पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढताना छातीत आलं, तर त्यातून काहीच कळत नाही. चढणीने हृदयावर ताण आला आणि भाऱ्याने मानेवर, दोन्ही एकाच वेळी. कलमाखाली उभं राहून वर बघत झेला चालवताना, पायांना काही कष्ट नसताना कळ आली, तर बोट मानेकडे. रिकाम्या हाताने, मान सरळ ठेवून घाटी चढताना आली आणि थांबल्यावर पाचेक मिनिटांत गेली, तर बोट सरळ हृदयाकडे, मग एमआरआय काहीही म्हणो. पोटभर जेवून लगेच चढण चढताना छातीत धरणं हा तर हृदयाच्या दुखण्याचा ठरलेला नमुना, आणि गावात त्यालाच हमखास गॅस म्हणतात. खोकताना, शिंकताना, कुशीवर वळताना, मोटारसायकलवरून मागे वळून बघताना कळ चमकली तर मान. हृदयाची कळ साधारण दोन ते दहा मिनिटं टिकते. मानेची एक तर क्षणभर चमकते, नाही तर तासन् तास ठुसठुसत राहते. मुद्दाम चढण चढून प्रयोग करू नका. हृदयाची तपासणी पुरी होईपर्यंत तो घातक ठरू शकतो. दोन आठवडे फक्त वहीत नोंद ठेवा: किती वाजता, काय करत होता, मान कुठे होती, किती वेळ टिकली, कशाने उतरली, बोटात मुंग्या होत्या का. ही दोन पानं डॉक्टरांना दहा रिपोर्टांहून जास्त सांगतील.

मान आणि हृदय या दोघांपलीकडेही काही जण रांगेत असतात. बरगडी आणि छातीचं मधलं हाड जोडणाऱ्या कूर्चेला सूज आली तर बोट ठेवून जागा दाखवता येते. नागीण उठण्याआधी तीन-चार दिवस नुसती आग होते, अंगावर काहीच दिसत नाही. सदरा काढून पाठ-छाती रोज एकदा आरशात बघण्याचं कारण तेच. विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला करंगळीकडच्या बाजूला दुखत असेल, हाताचा पंजा वाळत असेल किंवा त्याच बाजूची पापणी झुकली असेल, तर मानेचा एमआरआय बाजूला ठेवून आधी छातीचा एक्स-रे काढा. फुप्फुसाच्या टोकाची गाठ याच नसांवर दाब देते. बायकांच्या बाबतीत छातीचं दुखणं स्तनात जाणवतं, तेव्हा स्तनांची तपासणीही करून घ्यावी. आणि बायकांचा हृदयविकार ‘मणक्याचं आहे’ म्हणून मागे पडतो, हेही ध्यानात असू द्या. मधुमेही आणि वयस्क माणसांतही तसंच होतं.

म्हणून तातडीचा नियम, जो मान दोषी ठरल्यानंतरही कायम राहील: नेहमीपेक्षा वेगळी कळ, पंधरा-वीस मिनिटं न उतरणारी कळ, सोबत दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा दोन्ही हातांत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तर ती हृदयाची समजून ताबडतोब रुग्णालय गाठायचं. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटातून रक्तस्राव झालेला नसेल, तर साधी ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून घ्या. अचानक, फाटल्यासारखी, पाठीत घुसणारी कळ असेल तर मात्र ॲस्पिरिन नको, नुसतं रुग्णालय गाठा. सॉर्बिट्रेट आधीपासून लिहून दिलेली असेल तरच घ्या आणि बसून घ्या. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रासारखी) गोळी घेतली असेल तर अजिबात नको. स्वतः गाडी चालवू नका. आपल्या किनाऱ्यावरून घाट चढून कोल्हापूर किंवा खाली गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठायला दोन तासांहून जास्त लागतात. अशा अंतरावर थेट मोठ्या रुग्णालयाकडे धाव घेण्यापेक्षा जिथे ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं अशा जवळच्या रुग्णालयात आधी जाणं बहुतेकदा शहाणपणाचं. ते इंजेक्शन जितकं लवकर तितकं गुणकारी आणि बारा तासांनंतर त्याचा उपयोग जवळपास संपतो. कुठल्या रुग्णालयात ते मिळतं, हे आजच चौकशी करून फोनमध्ये नोंदवून ठेवा. ईसीजी पहिला नॉर्मल आला तरी लगेच घरी यायचं नाही. तो पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही काही तासांनी परत तपासतात.

हृदयाचं निस्तरलं आणि हाताने केलेली तपासणी जुळली असं धरून आता उपचार. सरकलेल्या गादीमुळे दबलेली नस बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत शांत होते. सरकलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. आपलं काम एवढंच, की तोवर नसेला पुन्हा पुन्हा चेमटायचं नाही. तुमचे दोन महिने उलटूनही फरक नाही, पण त्या दोन महिन्यांत उपचार पित्तावर चालू होता आणि मान रोज कामाला जुंपलेली होती. तेव्हा घड्याळ आत्ता सुरू झालं असं समजा.

औषधांत पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम गरजेप्रमाणे दिवसात तीनदापर्यंत, हे सर्वांत निर्धोक. ते पुरत नसेल तर सूज उतरवणारी गोळी, जेवणानंतर, पाच-सात दिवस. डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणि कमरेत घ्यायची इंजेक्शनं यांच्यावर गावोगाव भिस्त असते. पण त्याने रक्तदाब वाढतो आणि हृदयाचा धोकाही वाढतो. ज्याच्या छातीचा निकाल लागायचाय त्याने आठवडेच्या आठवडे डायक्लोफिनॅक घेणं म्हणजे आगीत तेल. नसेच्या चमकांसाठी प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम रात्री देतात. त्याने सुरुवातीला गुंगी येते आणि तोल जातो. ती घेत असताना झाडावर चढायचं नाही, पहिला आठवडा मोटारसायकलही नको.

कॉलर कायमची नको. पण ‘कॉलरने मान कमजोर होते, कधीच नको’ हेही खरं नाही. नेदरलँड्समध्ये नुकतीच नस दबलेल्या २०५ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या सहा आठवड्यांत कॉलर आणि विश्रांती घेणाऱ्यांना, तसंच फिजिओथेरपी घेणाऱ्यांना, काहीच न करणाऱ्यांपेक्षा लवकर आराम पडला. माझा कल असा: प्रवासात आणि कळ जोरात असताना, दिवसातून तीन-चार तास, दोन आठवडे. कॉलर उलटी घालतात, ती चूक टाळा. हनुवटी किंचित खाली राहिली पाहिजे. उंच बाजूने हनुवटी वर उचलली गेली तर मान मागे जाते आणि नसेची खिडकी अजून अरुंद होते.

ट्रॅक्शनबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंय. हाताने ओढल्यावर कळ उतरत असेल तर घ्या, उतरत नसेल तर पैसे घालवू नका. झोपून घ्यायचं, बसून नाही. मान साधारण १५ ते २५ अंश पुढे वाकलेली हवी. वजन शरीराच्या ७ ते १० टक्क्यांपासून सुरू, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला साडेचार ते साडेसहा किलो. वेळ दहा-पंधरा मिनिटं. ओढ चालू असताना हातात किंवा छातीत कळ वाढली तर तिथेच थांबवायला सांगा. पाच-सहा बैठकांत काहीच फरक नाही तर बंद. दाराला अडकवायच्या पट्ट्याचं घरगुती साधन मला पसंत नाही. त्यात मान मागे ओढली जाते आणि सगळा भार जबड्याच्या सांध्यावर येतो. संधिवात असलेल्यांनी, हाडं ठिसूळ असलेल्यांनी आणि एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब दिसतोय त्यांनी ट्रॅक्शन घेऊच नये. आणि मानेला झटका देऊन ‘कट’ आवाज काढणाऱ्यांकडे, मग तो हाडवैद्य असो की केशकर्तनालयातला मालिशवाला, जाऊ नका. सरकलेली गादी झटक्याने जागेवर बसत नाही आणि मानेतली रक्तवाहिनी चिरून लकवा होण्याचा धोका, क्वचित का होईना, खरा आहे.

व्यायाम तीनच पुरेत, पण नीट. पहिला: उशी न घेता किंवा पातळ घडी घेऊन उताणं झोपा, डोक्याचा मागचा भाग जमिनीला हलकेच दाबत हनुवटी सरळ मागे घ्या, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. इथे दोन चुका होतात. एक तर माणूस हनुवटी छातीला टेकवतो, नाही तर छताकडे उचलतो. हालचाल टेबलाचा खण आत सारावा तशी, समोरून मागे, जेमतेम बोटभर. दुसरा: बसून दोन्ही पाती मागे आणि खाली ओढून पाच सेकंद धरा, खांदे कानाकडे न उचलता. तिसरा: दाराच्या चौकटीत हात कोपरात वाकवून टेकवा आणि छाती अलगद पुढे न्या, वीस सेकंद, तीन वेळा. त्यात बोटात मुंग्या वाढल्या तर हा तिसरा तूर्त सोडा. मान गोल गोल फिरवणं बंद. भुजंगासन, मत्स्यासन, सर्वांगासन, शीर्षासन दोन-तीन महिने बंद. प्रगती मोजायची ती अशी: बोटातलं आणि छातीतलं दुखणं आटून मानेकडे सरकत असेल तर, मान थोडी जास्त दुखली तरी, गाडी रुळावर आहे. मानेचं कमी होऊन हाताकडे उतरत असेल तर व्यायाम थांबवून तपासून घ्या.

उशी एकच, कुशीवर झोपल्यावर कान आणि खांदा यांमधली पोकळी भरेल एवढी. सावरीच्या कापसाच्या जुन्या उशा मऊ लागतात, पण रात्रीत चपट्या होतात. घेतलीच तर ठासून भरून घ्या. पालथं झोपणं सोडा. चष्मा दोन भागांचा असेल तर मोबाइल किंवा हिशेब खालच्या काचेतून बघण्यासाठी तुम्ही नकळत मान मागे टाकता. त्यासाठी जवळचा वेगळा चष्मा करून घ्या.

आता झेला. मान मागे गेली की नसेची खिडकी अरुंद होते आणि त्यातच दुखऱ्या बाजूला कलली तर आणखी. झेल्याने आंबा काढणं म्हणजे हीच स्थिती, तासन् तास, वर काठीचं ओझं. फवारणीचंही तेच. म्हणून उपचाराचे पहिले सहा आठवडे तुम्ही झेला धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्यावर काढणी आली म्हणजे हंगामाचा पहिला भाग गड्यांच्या हाती द्यावा लागेल. तुम्ही वर्गवारी आणि पेट्या भरणं बघा, पण तेही जमिनीवर उकिडवं बसून मान खाली घालून नको. उलट्या क्रेट एकावर एक रचून त्यांच्यावर फळी टाका, म्हणजे आंबे कमरेच्या उंचीला येतील. भरलेली क्रेट दोघांनी उचलायची, डोक्यावर काहीच घ्यायचं नाही. चुंबळ ठेवली तरी भार मानेवरून जातोच.

सहा आठवड्यांनी परत झेला धरायचा तर आधी तीन गोष्टी हव्यात: रात्रीची झोप कळेशिवाय, दंडाची ताकद दोन्हीकडे सारखी, आणि मान एक मिनिट वर करून पाहिल्यावर बोटात मुंग्या नाहीत. मग झाडाच्या बुंध्याशी उभं राहण्याऐवजी लांब काठी घेऊन मागे सरका, म्हणजे नजर कमी कोनात वर जाते. डावीकडचा आंबा काढायचा तर मान न वळवता पाय वळवा. दहा मिनिटं काढणी, मग पाच मिनिटं दुसरं काम. मान सरळ असतानाही नुसते हात वर धरल्याने मुंग्या येऊ लागल्या तर ते मानेपेक्षा खांद्याचं किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या जागेचं असू शकतं. ते वेगळं सांगा, कारण उपचार बदलतो. झाडावर चढणं या हंगामापुरतं सोडून द्या. डाव्या दंडाची ताकद कमी असताना फांदी धरण्याची खात्री देता येत नाही.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रियेचं थोडक्यात. सहा ते बारा आठवडे वर सांगितलेलं नीट करूनही कळ असह्य राहिली, तर नसेच्या मुळाशी इंजेक्शन देतात. ते मशीनखाली बघतच आणि सरावलेल्या हातूनच घ्यावं, कारण मानेत चूक महागात पडते. त्याने छातीतली कळ काही तासांपुरती तरी पूर्ण गेली तर निदानावरही शिक्कामोर्तब होतं. शस्त्रक्रिया लागणारे थोडेच. पण हाताची ताकद दिवसेंदिवस घटत असेल, सदऱ्याची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना तोल जात असेल, मान पुढे वाकवल्यावर पाठीतून विजेसारखा झटका उतरत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर बारा आठवडे थांबायचं नाही. तो मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. ट्रॅक्शन-व्यायाम सगळं थांबवून त्याच आठवड्यात मणक्याच्या सर्जनना दाखवा.

या आठवड्यात तुमची कामं दोन. रक्तदाबाच्या गोळीचं नाव आणि टीएमटीचा पूर्ण कागद, आलेखाच्या पानांसह, घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘१२८ वर थांबलेली ही टीएमटी पुरेशी आहे का’ एवढंच विचारा. आणि फिजिओथेरपिस्टला भेटताना एमआरआयची फिल्म आधी पुढे करू नका. त्यांना आधी हाताने तपासू द्या, सी ७ त्यांच्या तोंडून येऊ द्या, मग फिल्म दाखवा.